आधी, वेळेवर आणि उरलेलं

सुरुवातीलाच कबूल करून टाकते, म्हणजे पुढं मी दुसऱ्यांवर ओरडायला लागले की 'तू कोण मोठी लागून गेलीस' असं कुणी विचारायला नको. पन्नास वर्षांपूर्वी मी माझ्या शेजारणीची, विजूताईची, बुटांच्या खोक्यात जपून ठेवलेली सगळी परदेशी पाकिटं बंबात घालून जाळली. रागानं नव्हे, प्रेमानं! रागानं जाळली असती तर चार तरी उरली असती, कारण रागावलेलं माणूस लवकर दमतं. प्रेमानं जाळली म्हणून एकही उरलं नाही.

तेव्हा आम्ही वालचंदनगरच्या कॉलनीत राहत होतो, भिंतीला भिंत लागून दोन क्वार्टर. आमचे हे तिथल्या कारखान्यात टर्नर, विजूताईचे यजमान ड्रॉइंग ऑफिसात, आणि विजूताई स्वतः शाळेत भूगोल शिकवायची. मी सुप्याकडच्या कोरडवाहू गावातून नवीनच आलेली, नववी पास, वय बावीस, आणि अक्कल... अक्कल मागच्या एस.टी.नं यायची होती. विजूताई लग्नानंतर सहा वर्षांनी पहिल्या बाळंतपणाला अकलूजला माहेरी गेली आणि जाताना तुळशीला पाणी घालायला म्हणून घराची किल्ली माझ्याकडं देऊन गेली. तिला टपालाची तिकिटं जमवायचा नाद आहे हे मला ठाऊक होतं. शाळेतली पोरं पाकिटावरचं तिकीट पाण्यात भिजवून सोडवतात हेही पाहिलं होतं. म्हटलं, बाई तान्ह्या बाळाला घेऊन दमून यायची, तिचं काम आपण उरकून ठेवू. घंगाळात कोमट पाणी घेतलं, पाकिटं बुडवली आणि तिकिटं अलगद सुटून वर तरंगायला लागली, तेव्हा काय आनंद झाला म्हणून सांगू! वर्तमानपत्रावर वाळवली, पाट्याखाली दाबून इस्त्रीसारखी सपाट केली. मागं राहिली ती ओली, शाई फुटलेली, गबाळी पाकिटं. ती उन्हात कडक वाळवली आणि दोन दिवस त्यांच्यावर अंघोळीचं पाणी तापवलं.

विजूताई बाळाला घेऊन आली तेव्हा मी हळदीकुंकवाचं ताट न्यावं तसं तिकिटांचं ताट नेलं. वर्गवारीसुद्धा करून ठेवली होती. लाल लालात, निळी निळ्यात, आणि कोणत्याच रंगात बसेनात ती मधोमध, कोशिंबिरीसारखी. तिनं एक तिकीट उलटं करून पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "पाकिटं कुठं आहेत, सुमन?"

"बंबात," मी म्हणाले. "काय झकास पेटतात वो ती! घासलेट पण लागलं न्हाय."

तिनं बाळ माझ्या हातात दिलं, आत गेली आणि दार लावून घेतलं. मी ते रडतं बाळ घेऊन व्हरांड्यात येरझाऱ्या घालत राहिले आणि मनात म्हणत राहिले, कौतुक राहू दे, पण निदान चहा तरी विचारावा की नाही माणसानं! आठ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी एक पाकीट हातात घेऊन आली, पाट टाकला आणि म्हणाली, "बस इथं. तू काय जाळलंस ते तुला कळू तरी दे."

ती विजूताई आता गेली. अडीच महिने झाले. मी बारामतीला माझ्या मुलाकडं असते. त्या दुपारी शेंगदाण्यातले खवट दाणे निवडत बसले होते तेव्हा महेशचा फोन आला. महेश म्हणजे तेच व्हरांड्यातलं रडतं बाळ. आता पन्नाशीला टेकलाय, पुण्याला असतो. "मावशी, आई गेली. झोपेतच." बस्स. नंतर जो भेटेल तो मला सांगतो, सोन्यासारखं मरण आलं हो बाईंना, कुणाला त्रास नाही, कुणाचं करून घेतलं नाही. मला या वाक्याचा संताप येतो. सोन्यासारखं म्हणजे काय? कुणाला त्रास झाला नाही म्हणून मरण चांगलं, असं तुम्ही ठरवणारे कोण? तिचं काम अर्धं पडलंय टेबलावर, ते तिला विचारलं का कुणी?

आणि काम म्हणजे काय तर तिकिटं, असं म्हणून जे हसतात, त्यांच्यासाठी हा लेख आहे. बाकीच्यांनी वाचला तरी चालेल.

त्या नवव्या दिवशी तिनं मला दाखवलं ते पाकीट अमेरिकेतून आलेलं होतं, कॉलनीतल्या कुणा साहेबाच्या बंगल्यावर, आणि तिला त्याच आठवड्यात मिळालेलं. विजूताईला स्वतःला परदेशातून पत्र पाठवणारं कुणीच नव्हतं. साहेबांच्या बायका, डॉक्टरीणबाई, ज्यांची मुलं बाहेर शिकायला गेली त्या आया, या सगळ्या तिला वाचून झालेल्या पत्रांची पाकिटं देत. तिकिटावर नाताळचं चित्र होतं, आई आणि बाळ. तिनं विचारलं, "हे कुठल्या सणाचं?" मी म्हणाले, नाताळाचं. "कशावरून?" चित्रावरून. "आणि पत्र कधी पडलं पेटीत?" मला काय माहीत! मग तिनं तिकिटावरून अर्धा पाकिटावर सांडलेला काळा शिक्का दाखवला. त्यात गाव होतं आणि तारीख होती. तारीख होती फेब्रुवारीतली.

"आता बोल," ती म्हणाली. "हे नाताळचं पत्र आहे का?"

"न्हाय. पण तिकीट तर..."

"तिकीट नाताळासाठी छापलं. लावलं कधी? नाताळ सरल्यावर. ड्रॉवरमध्ये उरलेलं होतं, लावून टाकलं. हे मला कुणी सांगितलं? शिक्क्यानं. शिक्का कशावर आहे? पाकिटावर. आणि माझी बाकीची पाकिटं कुठं गेली?"

मी मान खाली घातली. बंबात, हे त्या वेळी पहिल्यांदा मला लाजेनं सांगावंसं वाटेना.

सणाची तिकिटं जगभर जमवतात लोक. बहुतेक जण ती देशाप्रमाणं लावतात, इंग्लंड एका पानावर, जर्मनी दुसऱ्या. काही जण सणाप्रमाणं लावतात; नाताळ, ईद, दिवाळी, चिनी लोकांचं नवं वर्ष, ज्यात दरसालच्या तिकिटावर त्या त्या वर्षाचं जनावर असतं. काही चित्राप्रमाणं करतात, म्हणजे देवाधर्माचं चित्र एकीकडं आणि नुसतं सजवलेलं झाड, घंटा, पणती दुसरीकडं. कोरी वेगळी, वापरलेली वेगळी, हे तर सगळेच करतात. विजूताईला हे सगळं येत होतं. पण तिची स्वतःची वर्गवारी या सगळ्याच्या वरची होती. ती आधी सण घ्यायची, आणि मग प्रत्येक सणात तीन भाग. आधी, वेळेवर आणि उरलेलं. पोस्टात तिकीट आलं आणि सण यायच्या कितीतरी आधीच लावलं, ते 'आधी'. सणाचं पत्र म्हणून सणाला पोचावं अशा बेतानं टाकलं, ते 'वेळेवर'. सण होऊन गेल्यावर लावलं, ते 'उरलेलं'. "आधी लावणारा हौशी," ती म्हणायची. "उरलेलं लावणारा संसारी, वाया जाऊ देत नाही. आणि वेळेवर लावणाऱ्याला कुणाची तरी आठवण येत असते. तो पोस्टात रांगेत उभा राहून सणाचंच तिकीट मागून घेतो. असली पाकिटं फार थोडी असतात, सुमे."

त्या दिवसापासून मी तिची शिष्या झाले, आणि इतकी ढ की सांगायची सोय नाही. एकदा मला एका तिकिटावर छानसा दिवा दिसला. मी ते दिवाळीत नेऊन ठेवलं, वर टाळी वाजवली. विजूताईनं चष्मा वर केला. "काय लिहिलंय खाली?" खाली काहीतरी इंग्रजीत होतं. ती म्हणाली, "हा दिवा नर्सबाईंचा आहे. रोग्यांची सेवा करणाऱ्यांसाठी काढलेलं तिकीट आहे हे. दिवा दिसला की दिवाळी? मग जा दवाखान्यात आणि माग त्यांना चकली!" दुसऱ्यांदा मी एक सुंदर नाताळचं तिकीट ओळखलं, तर ते तिकीटच नव्हतं. परदेशात क्षयरोग्यांच्या मदतीसाठी तिकिटासारखी दिसणारी चिठ्ठी विकतात, लोक ती हौसेनं पाकिटावर चिकटवतात, पण तिच्यावर किंमत छापलेली नसते आणि तिच्या जोरावर पत्र एक मैलही जात नाही. "कशी नटलीय बघ," विजूताई म्हणाली, "पण कामाची नाही. तुझ्यासारखी!" मग दोघी हसलो. असल्या चिठ्ठ्यांना ती वहीच्या शेवटच्या पानावर जागा द्यायची, टाकून मात्र कधी दिली नाहीत. नटलेल्यांनाही कुठंतरी बसायला लागतं ना.

ईद आली की खरी कसरत. नाताळ बिचारा एका तारखेला खिळा ठोकून बसलेला, पण ईद चंद्रावर चालते आणि दरवर्षी दहा-अकरा दिवस मागं सरकते. आपली दिवाळीही चंद्राचीच, पण तिला अधिक महिना धरून जागेवर आणतो. तेव्हा एखाद्या पाकिटावर ईदचं तिकीट आणि ऑगस्टचा शिक्का असला, तर ते 'आधी' की 'वेळेवर' की 'उरलेलं', हे त्या वर्षीची ईद कधी होती ते कळल्याशिवाय ठरत नाही. त्यासाठी विजूताई भिंतीवरचं एकही कॅलेंडर फेकत नसे. वर्षाचं कॅलेंडर उतरलं की गुंडाळी करून कपाटावर. तिचे यजमान म्हणायचे, "लोकांच्या घरात जुने दागिने निघतात, आमच्या घरात जुने वार निघतील." पण एकदा का कॅलेंडर उघडलं, बोट फिरवलं, आणि तारीख बरोबर ईदच्या चार दिवस आधीची निघाली, की त्या बाईचा चेहरा असा व्हायचा की जणू तिच्याच घरी शीरखुर्मा आलाय.

हे सगळं एकदा लोकांपुढं मांडावं म्हणून मीच तिच्या मागं लागले. पुण्यात कुठंतरी तिकिटांचं प्रदर्शन होतं, तिथं तिनं पानं लावली. चौकटीत काळ्या कागदावर पाकिटं, खाली तिचं ते वळणदार अक्षर. आम्ही दोघी पहाटेची एस.टी. धरून गेलो, डब्यात धपाटे घेऊन. परीक्षक म्हणून एक गृहस्थ आले, मागं हात बांधून. त्यांनी पानं पाहिली, पानांपेक्षा जास्त विजूताईच्या पायातल्या चपला पाहिल्या, आणि म्हणाले, "ताई, छंद चांगला आहे. बायकांचा वेळ बरा जातो. पण हे वर्गीकरण कशात बसत नाही. देशाप्रमाणे तरी लावा, नाहीतर चित्राप्रमाणे. पत्र टाकणाऱ्याला आठवण येत होती का, हे तिकिटशास्त्रात येत नाही."

मी तिथंच तोंड उघडलं. "अवो सायेब, मग तुमच्या शास्त्रात काय येतं? नुसता डिंक?" विजूताईनं माझा पदर ओढला. गृहस्थ पुढं गेले. आम्हाला 'सहभागाबद्दल' असं छापलेलं प्रमाणपत्र मिळालं. परतीच्या वाटेवर मी भिगवणपर्यंत त्या माणसाच्या सात पिढ्या उद्धरल्या, आणि विजूताई खिडकीतून बाहेर बघत एवढंच म्हणाली, "जाड आहे गं कागद." घरी येऊन तिनं त्या प्रमाणपत्राचे चार तुकडे केले आणि पाकिटं वाकू नयेत म्हणून त्यांच्या मागं आधाराला घातले. मला वाटलं बाई विसरली. पुढं वीस वर्षं तिनं एकाही प्रदर्शनात पान लावलं नाही, तेव्हा कळलं की विसरली नव्हती.

आता महेशविषयी लिहायला हवं.

महेश हुशार. शिकला, नोकरीला लागला आणि तीन वर्षं सिंगापूरला गेला. सगळ्या कॉलनीनं विजूताईचं अभिनंदन केलं. विजूताईनं मात्र मला घरात बोलावलं, वही उघडली आणि एका कोऱ्या पानावर शाईच्या पेननं लिहिलं, 'दिवाळी. वेळेवर. सिंगापूर.' त्या देशाचं पोस्ट तिथल्या चारही समाजांच्या सणांची तिकिटं काढतं, चिनी नव्या वर्षाची, मलय लोकांच्या ईदची, नाताळची आणि आपल्या दिवाळीचीही. देशाप्रमाणं लावणारा माणूस ती एका पानावर लावील. विजूताईच्या वहीत ती चार ठिकाणी जाणार होती. तिनं फोनवर महेशला सगळं समजावून सांगितलं, भूगोलाच्या तासासारखं. "साधं पाकीट घे. वर दिवाळीचं तिकीट लाव. दिवाळीच्या आत शिक्का पडेल असं टाक. आत काही लिहिलं नाहीस तरी चालेल. फक्त वर माझं नाव घाल."

पहिल्या दिवाळीला तो विसरला. दुसऱ्या दिवाळीला कुरिअरनं खोकं आलं. त्यात चकचकीत फोल्डर, आणि फोल्डरमध्ये चारही सणांची कोरी करकरीत तिकिटं, प्लॅस्टिकच्या खिशांत. महेशनं फोन केला, "आई, एकदम पूर्ण सेट पाठवला, खूश ना?" ती म्हणाली, "छान आहेत." फोन ठेवला. मग कितीतरी वेळ ते फोल्डर उघडून बसली. मी म्हटलं, "अगं किती सुंदर हायेत, लाव की त्या पानावर." तर म्हणाली, "कशी लावू, सुमे? ही तिकिटं कुठं गेलीच नाहीत. दुकानातून उठली आणि खोक्यात बसली." तिसऱ्या दिवाळीला तो सुट्टी घेऊन स्वतःच आला. आता स्वतः आलेल्या मुलाला, पत्र का नाही टाकलंस, असं कोणती आई विचारील? तिनं नाही विचारलं. मी विचारायला हवं होतं. मी चकल्या तळत होते... आणि ते पान तसंच राहिलं.

यजमान गेले, क्वार्टर सोडावं लागलं, तरी विजूताई त्याच भागात राहिली, कळंबला दोन खोल्यांत. मी दोन-तीन महिन्यांतून एकदा बारामतीहून जायची. शेवटचं गेले तेव्हा तिनं तिन्ही वह्या टेबलावर काढून ठेवल्या होत्या. म्हणाली, "या तू घेऊन जा. माझ्यामागं कुणाला कळायचं नाही यातलं." मी म्हटलं, "मागंबिगं काय बोलतीस! न्हेते की पुढच्या खेपंला. आज पिशवी जड हाय." पिशवी कशानं जड होती? डाळिंबांनी. तिच्या शेजाऱ्यांच्या बागेतली, मला भेट मिळालेली. तेवढ्या डाळिंबांसाठी मी त्या वह्या टेबलावर ठेवून आले. डाळिंबं चार दिवसांत संपली. दोन तर आतून काळी निघाली. पुढची खेप आली ती विजूताई गेल्यावरच. बाविसाव्या वर्षी मला अक्कल नव्हती म्हणून मी हसते, पण बहात्तराव्या वर्षीच्या या बाईला काय म्हणू?

दिवसकार्य झाल्यावर महिन्यानं मी कळंबला गेले, वह्या आणायलाच. महेश आणि त्याची बायको स्वाती घर आवरायला आले होते. मला बघून महेशचा चेहरा उजळला. "मावशी, बरं झालं आलात. बसा, तुम्हाला एक दाखवायचंय." आणि त्यानं आतून एक नवाकोरा अल्बम आणला. जाड पुठ्ठा, सोनेरी अक्षरं. पहिल्या पानावर विजूताईचा फोटो. पुढं एकेक देश. वर त्या देशाचा छोटासा झेंडा चिकटवलेला, खाली तिकिटं, चौकोनी कापलेली, कडेला बोटाच्या पेराएवढा कागद ठेवून. अगदी सरळ. शाळेतल्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळावं इतकं सुबक.

मला आधी समजेचना. मी पानं उलटत गेले. अमेरिका, इंग्लंड, कॅनडा, सिंगापूर. शेवटी विचारलं, "आणि पाकिटं कुठं हायेत, महेश?"

"ती काय ठेवायची, मावशी! पिवळी पडलेली, कसर लागलेली. तिकिटं तेवढी कापून घेतली. दोन रविवार बसलो होतो आम्ही दोघं. बाकीचं घंटागाडीत गेलं."

"आणि वह्या?"

"त्यातली पानं सुटत होती..."

मग मी काय बोलले ते सगळं इथं छापता यायचं नाही. थोडंसं सांगते. मी म्हणाले, "मुडद्या, आईला जाळलंस ते रीतीनं जाळलंस, पण हे काय केलंस? तुझ्या आईचं डोकं होतं ते. पन्नास वर्षं ती त्यातनं वाचत होती की कोण कुणाची आठवण काढतं. तू कात्री घेऊन आठवण कापलीस आणि डिंक ठेवलास!" स्वाती म्हणाली, "मावशी, त्यांनी आईंच्या आठवणीसाठीच केलंय हो." मी म्हटलं, "तू गप, पोरी, तुझा न्हाय दोष. ह्याला विचारते मी. सिंगापूरला होतास न्हवं? तीन वर्षं होतास. एक पाकीट टाकाया काय पाय मोडलं होतं तुझं? एक पान कोरं ठेवून गेली ती. ते पान पण घंटागाडीत घातलंस का?"

पन्नास वर्षांचा बाप्या, पुठ्ठ्याच्या अल्बमवर दोन्ही हात ठेवून उभा.

लोक म्हणतील, सुमनबाई, तुम्ही तरी काय वेगळं केलं होतं? बरोबर आहे. मी तर कापलीसुद्धा नाहीत, सरळ जाळली. पण मला कुणी सांगितलेलं नव्हतं. त्याला फोनवर शब्द न् शब्द सांगितला होता. आणि मी काही तिच्या पोटची नव्हते. म्हणून माझा राग गेलेला नाही. इतके दिवस मी त्याच्यावर रागावलेय, परीक्षकावर रागावलेय, सोन्यासारखं मरण म्हणणाऱ्यांवर रागावलेय, डाळिंबांवर रागावलेय. विजूताईवरही रागावलेय. अगं, पाकिटं टाकू नका म्हणून शेजारणीच्या सुनेला सांगायचीस, पोस्टमनला सांगायचीस, महेशला समोर बसवून एकदा ओरडायचीस... मला ओरडलीस तशी. 'छान आहेत' कशाला म्हणालीस?

त्या दिवशी मी तो अल्बम तिथून उचलला. विचारलं नाही, उचलला. कपाटावर कॅलेंडरांच्या गुंडाळ्या होत्या, रद्दीवाल्याची वाट बघत, त्याही घेतल्या. आता माझ्या खोलीत पलंगाखाली आहेत. दुपारी जेवण झालं की मी भिंग घेऊन बसते. महेशनं कापताना कडेला जो पेराएवढा कागद ठेवला, त्यावर काही काही ठिकाणी शिक्क्याचा तुकडा आलाय. कुठं अर्धा महिना, कुठं नुसता आकडा, कुठं गावाच्या नावाची शेवटची तीन अक्षरं. ज्याचा दिवस जुळतो त्याला मी पेन्सिलीनं बारीक 'वे' लिहिते, वेळेवर. दोन महिन्यांपूर्वी कुणी मला अर्ध्या शिक्क्यावरून तारीख काढ म्हटलं असतं तर मी हसले असते. आता हसत नाही. चुकलं तर ओरडणारं कुणी नाही, म्हणून दोनदा तपासते. बहुतेकांचं काहीच कळत नाही. ती सगळी एका पाकिटात वेगळी ठेवलीत. त्यांना कोणता भाग द्यायचा, ते विजूताईनं शिकवलेलं नाही.

कळंबहून निघताना महेश म्हणाला, गाडीनं सोडतो. मी म्हटलं, एस.टी. मेली नाही अजून. पण कॅलेंडरांच्या गुंडाळ्या माझ्या हातात मावेनात, तेव्हा बसावं लागलं. पुढं उसाच्या ट्रॉल्या, मागं उसाच्या ट्रॉल्या, गाडी मुंगीच्या पावलानं चाललेली. मी खिडकीकडं तोंड करून बसले. त्यानं एकदा पाण्याची बाटली पुढं केली, मी घेतली नाही. घराच्या फाटकाशी त्यानं गाडी थांबवली, उतरून माझ्या बाजूचं दार उघडलं, गुंडाळ्या एकेक करून माझ्या हातात दिल्या. अल्बम शेवटी दिला, आणि तो सोडण्याआधी म्हणाला,

"मावशी, कापायच्या आधी मी एकूण एक पाकीट वाचलं. देशपांडे, शहा, डिसूझा, डॉक्टरीणबाई, सगळ्या कॉलनीची नावं होती. आईच्या नावाचं एकसुद्धा निघालं नाही."